दसऱ्यानंतर विहिरीत टेप सोडा

परतीचा पाऊस ओसरतो, विहिरी काठोकाठ दिसू लागतात आणि गावाला उदारपणाची लहर येते. कुणी दोन एकर कांदा वाढवतो, कुणी पाहुण्याकडे उसाचं बेणं सांगून ठेवतो, कुणाच्या बांधावर बोअरची गाडी येऊन उभी राहते. हेच गाव मार्चमध्ये टँकरचा प्रस्ताव लिहायला बसतं. मधल्या पाच महिन्यांत पाणी गेलं कुठे, हे सांगणारा माणूस गावात सहसा सापडत नाही. विहीर माझी, मोटर माझी, वीजबिलही माझंच (भरलं तर). जमिनीखालच्या पाण्याला मात्र बांध कळत नाही, आणि त्याचा हिशोब कुणाच्याच वहीत नसतो.

हा लेख त्या वहीबद्दल आहे. मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर, माण-खटाव, पुरंदरची कोरडी बाजू अशा पर्जन्यछायेतल्या गावांसाठी तो लिहिला आहे. कालव्याखालच्या गावांनी वाचला तरी हरकत नाही, त्यांचाही कालवा दरवर्षी भरून वाहतोच असं नाही. सांगायचं आहे ते थोडकं: पावसाळा संपल्यावर आणि हरभरा-गहू पेरण्याआधी गावाने आपलं पाणी मोजावं, पिण्याचं बाजूला काढावं आणि उरेल त्यावर पिकं ठरवावीत. याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात.

हिवरे बाजार हे गाव तो वर्षानुवर्षं मांडत आलं आहे. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. पुढे डोंगरावर चर खोदले गेले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी झाली, ऊस आणि केळी शिवारातून गेली. आता राज्यभरातून लोक ते गाव बघायला जातात. झाडी बघतात, बंधाऱ्यावर उभं राहून फोटो काढतात आणि परत येऊन आपल्या गावासाठी बंधाऱ्याचा प्रस्ताव टाकतात. तिथला ताळेबंदाचा फळा बघून तसाच फळा आपल्या चावडीत टांगणारे फार थोडे. माझ्या मते हिवरे बाजारातून उचलण्यासारखी पहिली गोष्ट तोच फळा आहे, आणि तो सगळ्यांत स्वस्तही पडतो.

आपल्या जमिनीचं पोट केवढं?

मोजायला बसण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक थिजून हा खडक झाला. विहीर खणताना तुम्ही ते थर पाहिलेच असतील. वर माती, मग मुरूम, मग फुटलेला मांजऱ्या खडक आणि त्याखाली सुरुंगालाही दाद न देणारा कातळ. पाणी राहतं ते मुरमात आणि फुटलेल्या खडकाच्या भेगांत. तेही किती? हजार लिटरची टाकी मावेल एवढ्या जागेतल्या मुरूम-खडकातून उपसता येईल असं पाणी साधारण दहा ते तीस लिटर निघतं. पंजाबातल्या गाळाच्या जमिनीच्या मानाने आपलं पोट अगदीच लहान.

हे पोट एका चांगल्या पावसाळ्यात भरतं आणि चार महिन्यांत रिकामंही होतं. म्हणून काठोकाठ विहीर पाहून हुरळून जाऊ नये. भांडं भरलंय हे खरं, पण भांडं तांब्याएवढं आहे.

बोअरचं कोडंही यातूनच उलगडतं. सहाशे-आठशे फुटांवर लागलेलं पाणी पहिली दोन वर्षं जोरात येतं. ते खोल भेगांत फार पूर्वीपासून साठलेलं असतं, आणि खाली नव्याने झिरपून जाणं अगदी सावकाश चालतं. शिवाय केसिंग नीट बसवलं नसेल, तर वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खाली उतरतं आणि शेजारच्या चार विहिरी बसतात. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, आणि तो २०१४ पासून लागू आहे. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर घेता येत नाही, असं तो सांगतो. बोअरच्या गाडीवाल्याला हे विचारून पाहा. त्याच्या चेहऱ्यावरून कायद्याची गावातली पत कळेल.

पाऊसही पहिल्यासारखा राहिलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं त्यात दिसलं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वर्षाची बेरीज तेवढीच राहिली तरी पाऊस मोजक्या दिवसांत उरकतो आणि मधले खंड लांबतात. रिमझिम पावसाचा मोठा वाटा मातीत मुरतो. तासाभरात कोसळलेल्या तीन इंचांतलं बरंचसं पाणी नाल्याने निघून जातं, जाताना माती घेऊन जातं. त्यामुळे "यंदा सरासरी गाठली" ही बातमी ऐकून विहिरीबद्दल अंदाज बांधू नका. अंदाज टेपने घ्या.

जमवायचे आकडे

पहिला आकडा पावसाचा. मंडळाच्या ठिकाणचा पाऊस महारेन या सरकारी संकेतस्थळावर मिळतो, पण ते पर्जन्यमापक तुमच्या शिवारापासून आठ-दहा किलोमीटरवर असू शकतं आणि मधल्या एका डोंगराने सगळं चित्र बदलतं. गावात स्वतःचं मापक असावं. ते विकत मिळतं, नाहीतर तोंड आणि तळ सारख्याच मापाचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी पक्का बसवला तरी भागतं. रोज सकाळी साडेआठला डब्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मोजायची, लिहायची, डबा रिता करायचा. हवामान खात्याची वेळही हीच, म्हणून तुलना सोपी जाते. शेजारी एक रकाना "किती वेळ पडला" याचा ठेवा. दिवसाला अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तर खातं तो पावसाचा दिवस धरतं. असे दिवस यंदा किती झाले ते वर्षाअखेरीला मोजा. हे काम शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांकडे सोपवलं तर मोठ्यांपेक्षा नेमाने होतं. सुट्टीतल्या नोंदीचं मात्र कुणाला तरी बजावून ठेवावं लागतं.

दुसरा आकडा विहिरींचा. गावात दोनशे विहिरी असतील तर सगळ्या मोजायची गरज नाही. माथ्याकडच्या, मधल्या आणि पायथ्याच्या मिळून आठ-दहा निवडा. त्यातल्या एक-दोन बंधाऱ्यापासून लांब असू द्या, नाहीतर चित्र खोटंच सुखाचं दिसेल. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची खूण करा आणि कायम त्याच खुणेवरून टेप सोडा. वेळ पहाटेची, मोटर सुरू व्हायच्या आधीची. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या दोन नोंदींत जो फरक येतो, तो म्हणजे पावसाने तुमच्या खात्यात भरलेली रक्कम.

मग माणसं, जनावरं आणि पिकं. माणसांची मोजणी करताना गावठाणावर थांबू नका. धनगरवस्ती, तांडा, पारधी वस्ती, मळ्यांतली घरं, वीटभट्टीवरची कुटुंबं या सगळ्यांना पाणी लागतं आणि टंचाईत सगळ्यांत आधी त्यांचीच घागर कोरडी पडते. जनावरांची गणती पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते, पण ती जुनी असते. दूधसंकलनाच्या वहीवरून अलीकडचा अंदाज बांधता येतो. पिकांचं क्षेत्र तलाठ्याच्या दप्तरातून घ्या आणि मग शिवारातून एक फेरी मारा. दोन्हींतला फरक बघण्यासारखा असतो.

फळ्यावरचं गणित

आता हिशोब. त्यासाठी एकच सूत्र पाठ करा: एक एकर रानावर एक इंच पाणी म्हणजे साधारण एक लाख लिटर. पाऊस असो की पाटाचं पाणी, सूत्र तेच.

एक नमुन्याचं गाव घेऊ. शिवार २,२५० एकर, म्हणजे ९०० हेक्टर. पाऊस ५०० मिलिमीटर, म्हणजे वीस इंच. वस्ती १,५०० माणसांची, मोठी जनावरं ६००, शेळ्या-मेंढ्या हजारभर.

आभाळातून पडलं ४५० कोटी लिटर. हा आकडा ऐकून ग्रामसभा खूश होते, म्हणून पुढचा लगेच सांगावा. यातलं बहुतेक पाणी खरिपाची पिकं, गवत, झाडं आणि ऊन यांत जातं, काही नाल्याने वाहून जातं. जमिनीत खोल मुरून विहिरीला लागतं ते किती, याचे भूजल मोजणीच्या सरकारी पद्धतीत खडकानुसार आकडे ठरलेले आहेत. झिजलेल्या बेसाल्टला पावसाच्या सात टक्क्यांच्या आसपास, सच्छिद्र-भेगाळ बेसाल्टला तेरा टक्क्यांच्या आसपास. आपण मधला दहा टक्के धरू. ४५ कोटी लिटर झाले.

याचा ताळा विहिरींवरून घ्या. समजा मे ते ऑक्टोबर या काळात निवडलेल्या विहिरींची पातळी सरासरी चार मीटर वर आली. डोंगरउताराचा भाग सोडून १,५०० एकर, म्हणजे ६०० हेक्टर शिवाराखाली हे पाणी पसरलं आहे. खडकाची पाणी धरण्याची ताकद दोन टक्के धरली तर ४८ कोटी लिटर येतात. दोन वाटांनी आलेले आकडे जवळपास जुळले, म्हणजे हिशोब बरा आहे. फारच तफावत आली तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकाला बोलवा. त्यांच्या निरीक्षण विहिरी जिल्हाभर आहेत आणि गावच्या खडकाचा नकाशा त्यांच्याकडे असतो.

४५ कोटी सगळेच उपसायचे नाहीत. सत्तर टक्क्यांपर्यंतचा उपसा सुरक्षित मानतात. उरलेलं ठेवायचं, कारण पुढच्या वर्षी मृग कोरडा गेला आणि पाऊस जुलैच्या मध्यावर आला तर जून काढायचा आहे. म्हणजे वापरायला साडेएकतीस कोटी.

यातून आधी पिण्याचं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे. १,५०० माणसांचे वर्षाला तीन कोटी लिटर होतात. मोठ्या जनावराला रोजचे साठ लिटर आणि शेळीला पाच लिटर धरले, तर जनावरांचं वर्षाचं पाणी दीड कोटी. एकूण साडेचार. शेतीला राहिले २७ कोटी लिटर.

आता फळ्यावर मधोमध एक रेघ ओढा आणि हे २७ कोटी वेगवेगळ्या पिकांत घालून दाखवा. हरभऱ्याला अडीच-अडीच इंचांच्या दोन पाळ्या दिल्या तर एकरी पाच लाख लिटर लागतात. त्यात ५४० एकर हरभरा निघतो. गव्हाला सगळ्या पाळ्या मिळून सोळा इंच धरले तर १६९ एकर. रब्बी कांद्याला दोन-दोन इंचांच्या बारा पाळ्या धरल्या तर ११२ एकर. उसाला पावसाशिवाय मोकाट पद्धतीने साठ इंच द्यावे लागले तर ४५ एकर.

पंचेचाळीस एकर. गावातले दहा-पंधरा शेतकरी एवढा ऊस सहज लावतात आणि बाकीच्या सगळ्या विहिरींचं गणित तिथेच संपतं. हे कुणाला उद्देशून बोलायचीही गरज पडत नाही, फळा बोलतो. पाळ्यांचे इंच तुमच्या जमिनीप्रमाणे बदलतील. काळ्या खोल रानात हरभरा एका पाण्यावर, कधी नुसत्या ओलीवर येतो. मुरमाड रानात दोनवर भागत नाही. आकडे गावातल्या जाणत्या शेतकऱ्यांशी आणि कृषी सहायकाशी बसून ठरवा. दशांशापर्यंत अचूक यायची धडपड नको. १६९ एकर की १८०, यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. गाव अडीचशे एकर गहू पेरायच्या बेतात आहे, हे पेरणीआधी दिसलं म्हणजे झालं.

एक चूक बहुतेक गावं करतात. बंधाऱ्यात अडलेलं पाणी वेगळं जमेला धरतात आणि विहिरीतलं वेगळं. पण बंधाऱ्यातलंच पाणी मुरून विहिरीत उतरतं, म्हणजे एकच रुपया दोनदा मोजला. बंधाऱ्यावरून थेट मोटर लावून उचललेलं पाणी तेवढं वेगळं धरा. आणि जमत असेल तर तो उपसाच बंद करा.

ग्रामसभा कधी आणि कुणाची

तारीख महत्त्वाची आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागातल्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघतात. ही माणसं गेल्यावर ताळेबंदाची सभा घेतली तर गावातली सगळ्यांत कमी पाण्याची घरं सभेतून आपोआप वजा होतात. गावात पाणी नाही म्हणून ती निघतात आणि दुसरीकडे जाऊन पाणी प्यालेला ऊस तोडतात, यावर काय बोलावं! त्यांचे म्हातारे आईबाप आणि जनावरं मागे गावातच असतात. म्हणून सभा कोजागरीच्या आत घ्या.

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. कागदावर ती होतेच, या कामासाठी मात्र खरोखर घ्या. "पाण्याची अडचण आहे का" असा प्रश्न विचारू नका, त्याला "हो" एवढंच उत्तर येतं. एप्रिलमध्ये रोज किती हंडे, कुठून, एका खेपेला किती वेळ, रात्री कोण जातं, असं विचारा. कुठला हातपंप कोणत्या महिन्यात उचकी देतो हे बायकांना तारखेसह माहीत असतं. पुरुषांना आपल्या मोटरीचा हॉर्सपॉवर माहीत असतो.

सभेत ठराव करायचे ते मोजके. पहिल्याच वर्षी हिवरे बाजार व्हायला गेलात तर दुसऱ्या वर्षी सभेला कुणी येणार नाही. सुरुवात अशा गोष्टींनी करावी, ज्यांच्या मागे कायदा उभा आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेऊ द्यायची नाही, ही त्यातली पहिली. गावातल्या पिण्याच्या विहिरीभोवती हे वर्तुळ नकाशावर आखा आणि त्यात आज किती मोटरी आहेत ते मोजा. नंतर बंधाऱ्याचा नियम. ठरलेल्या तारखेनंतर, समजा जानेवारी लागल्यावर, साठ्यातून कुणीही थेट उपसा करायचा नाही. यात काठावरच्या दोघा-तिघांचं नुकसान दिसतं, पण खालच्या वीस विहिरींना त्याचा लाभ होतो, आणि ते वीस जण सभेत बसलेले असतात.

ऊस उभा असेल तर "उपटा" म्हणायला जाऊ नका, भांडण होईल. नवीन लागण थांबवायची आणि असलेला खोडवा निघेपर्यंत त्यावर ठिबक, एवढं बोला. ठिबकबद्दलही सावध राहा. ठिबकने एकरी पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी एकर भिजवतो आणि उपसा होता तिथेच राहतो. म्हणून ठरावात पाळ्यांपेक्षा भिजणारं क्षेत्र लिहा.

ऐकणार नाही तो एक जण प्रत्येक गावात असतो. बहुधा तो सधन असतो, कधी पुढारीही. त्याच्यावर दंड बसवायच्या आधी त्याची विहीर निरीक्षणाच्या यादीत घाला आणि तिची पातळी प्रत्येक मोजणीला चावडीच्या फळ्यावर इतरांबरोबर लिहा. आकडे सर्वांसमोर आले की माणूस थोडा तरी वरमतो. तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी असंच विहिरी आणि पाऊस मोजून रब्बीआधी हिशोब मांडायची चळवळ चालवली. तिथे कुणावर बंदी नव्हती. हिशोब दिसल्यावर बऱ्याच जणांनी जास्त पाण्याची पिकं आपणहून कमी केली.

वाटून घेण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शतकांपासून चालत आली. बंधाऱ्याखालचं शिवार फडांत विभागलेलं, एका फडात एकच पीक, बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी असलं की काही फड त्या वर्षी भिजवायचेच नाहीत, म्हणजे तोटा सगळ्यांत सारखा वाटला जायचा. आणि १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम आजही धारदार वाटतो. पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरता माणसांवर ठरायचा: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. आणि जमीन विकली तर तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जात नाही. एवढं सगळं तुमच्या गावात लगेच होणार नाही. पण सार्वजनिक तलावातला गाळ काढला, किंवा सरकारी पैशातून नवा बंधारा झाला, तर त्या वाढीव पाण्यात विहीर नसलेल्या घरांचा वाटा किती, हा प्रश्न सभेत विचारता येतो. विचारावाच.

बांधकामाबद्दल थोडंसं

चर, बंधारे, नाला खोलीकरण यावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी लांबण लावत नाही. क्रम माथा ते पायथा हाच. डोंगरउतारावर सलग समतल चर आणि झाडी, शेतात बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाल्यावर बंधारे. ठेकेदारांना उलटा क्रम आवडतो, कारण यंत्र नाल्यात सहज उतरतं आणि बिल मोठं होतं. नाला खोल करताना मुरूम संपून कातळ लागला की थांबा. नाल्याचा तळ शेजारच्या विहिरींच्या पाण्यापेक्षा खाली गेला तर विहिरींचंच पाणी नाल्यात उतरतं. नवा बंधारा मागण्याआधी जुने मोजा. त्यातले किती गाळाने भरलेत आणि किती बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाळ्याअखेर बसवल्याच जात नाहीत, ते बघा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची फळी वेळेवर बसली नाही तर तो नुसता पूल.

शेततळ्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. ते वाहून जाणाऱ्या पावसाने भरलं तर सोनं. आपल्याकडे बरीचशी तळी प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या तळ्यात उन्हाला ठेवायचं! नोव्हेंबर ते मे या काळात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने मीटरभर सहज उतरते, म्हणजे त्या तळ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा हवेत जातो. फळबागवाल्यांची अडचण मला कळते. मे महिन्यात झाड जगवायचं तर साठा लागतो. तरी ताळेबंदात ही तळी उपशात धरा, साठ्यात नको. आणि निदान नवी तळी नाल्याच्या किंवा ओढ्याच्या पाण्यावर भरतील अशी जागा शोधा.

पाणी कमी लागणारी शेती म्हणजे उपाशी शेती, असा समज आहे. ज्वारीचं क्षेत्र घटलं तसा कडबा महाग झाला आणि दुधाचं गणित बिघडलं, हे आता सगळेच अनुभवतात. शाळूला संरक्षित एक पाणी दिलं तर धान्य आणि कडबा दोन्ही हाताशी येतात. पिकं ठरवताना बाजारभावाच्या रकान्याशेजारी चाऱ्याचा रकाना ठेवा, बायकांच्या सभेत तो आपोआप येईल. सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर घेतलं तर अतिवृष्टीत पाणी सरीतून निघून जातं आणि खंडात ओल टिकते. हा एक बदल दोन्ही संकटांवर चालतो, आणि त्याला लागतो तो पेरणी यंत्राला थोडासा फेरबदल.

मदत कुठे मिळेल? अटल भूजल योजनेतल्या गावांनी जलसुरक्षा आराखडे केलेले आहेत, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातल्या गावांत पाण्याचे हिशोब मांडले गेले आहेत. तुमचं गाव त्यात असेल तर ग्रामपंचायतीच्या कपाटात एक जाडजूड फाईल असणार. ती काढा, धूळ झटका. आकडे जुने असले तरी खडकाचा नकाशा आणि विहिरींची यादी कामाला येते. गाव कुठल्याच योजनेत नसेल तरी अडत नाही. टेप, लाल रंग, डबा, पट्टी, दोनशे पानी वही आणि फळा, एवढंच सामान लागतं.

वही मात्र एकाच्या घरी ठेवू नका. सरपंच बदलला की वही जाते, हे मी एकाहून अधिक गावांत पाहिलं आहे. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक बचत गटाकडे असू द्या. पहिल्या वर्षीचा हिशोब कच्चा निघेल, दुसऱ्या वर्षी बरा. पाच वर्षांच्या नोंदी हातात आल्या की अमुक एवढा पाऊस झाला म्हणजे आपल्या गावात अमुक विहिरी अमुक महिन्यापर्यंत टिकतात, हे तुम्हाला मुंबई-पुण्याच्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा नेमकं सांगता येईल.

पहिली नोंद या ऑक्टोबरला घ्या, मग जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेच्या शेवटी. टेप शंभर फुटी घ्या. पन्नास फुटी मे महिन्यात पाण्याला टेकत नाही.